आधी घड्याळ बघा : प्रस्तावना

पनवेलच्या एका शाळेत मी संगणकांची प्रयोगशाळा सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी संपली, जून लागला, पहिला पाऊस पडून गेला होता. एप्रिलअखेर मेन स्विच पाडून कुलूप लावलेली खोली उघडली. ऑफिसचे निकाल, दाखले, हजेरीपट ज्याच्यात होते ते यंत्र आधी चालू केले आणि लिनक्स अर्ध्या वाटेत थांबले. काळ्या पडद्यावर एक ओळ होती : ‘सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्युचर.’ तिच्याखाली दुसरी : ‘अनएक्स्पेक्टेड इन्कन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली.’ पहिली ओळ मला समजली नाही. दुसरी समजली, पण अर्धीच, आणि त्या अर्ध्या अर्थाचीच मी धास्ती घेतली. एका जाणकाराला फोन लावला. त्याने पडदा न पाहताच निदान केले : “डिस्क गेली असेल, फॉरमॅट मारा.” मी फॉरमॅट मारला.

नवे लिनक्स टाकले, पण तारीख रोज सकाळी कुठल्या तरी जुन्या जानेवारीत जाऊन बसू लागली. तेव्हा कुठे कॅबिनेट उघडण्याची बुद्धी झाली. मदरबोर्डवरचा चपटा सेल मेला होता, त्याच्या पट्टीवर हिरवट थर चढला होता. चाळीस रुपयांचा सेल बदलला आणि सगळे सुरळीत झाले. ज्या डिस्कला मी मृत ठरवले होते ती पुढे बरीच वर्षे विनातक्रार चालली. तिच्यावरचे आठ वर्षांचे निकाल मात्र नंतर कागदी नोंदवह्यांवरून हाताने भरावे लागले आणि ते काम माझ्याकडेच आले. ते भरता भरता पहिल्या ओळीचा अर्थ मला कळला.

ती ओळ डिस्कबद्दल नव्हतीच. यंत्र म्हणत होते, ‘या डिस्कवर एप्रिलची नोंद आहे आणि माझ्या घड्याळात अजून एप्रिल यायचा आहे. दोघांपैकी एक खोटे बोलते आहे. कोण, ते माणसाने सांगावे.’ प्रश्न रास्त होता. मी उत्तर न देता साक्षीदारालाच संपवले.

यंत्र चालू होताना पहिल्या काही सेकंदांत घड्याळ आणि डिस्क यांची एकमेकांशी गाठ पडते. त्या गाठीतून उद्भवणाऱ्या तक्रारी हा या पुस्तकाचा विषय. एरवी हे दोन विषय वेगवेगळ्या पुस्तकांत शिकवले जातात : घड्याळाचे प्रकरण नेटवर्कच्या पुस्तकात, डिस्कतपासणीचे फाइलव्यवस्थेच्या. यंत्र मात्र दोन्ही एकाच दमात उरकते आणि बिघाडही त्या सांध्यावरच होतो.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ गोष्टी सांगतो. संगणकात घड्याळे दोन. पहिले मदरबोर्डवरचे. यंत्र बंद असले, लाईट गेली, तरी ते सेलवर चालते. 1984च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एक चिप यासाठी बसवली होती आणि आजच्या यंत्रांतले हे घड्याळ तिच्याच वंशातले आहे. त्याला ठोका देणारा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणजे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद. सेल बहुधा सीआर-2032 : वीस मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. त्याचे मापच त्याचे नाव आहे. दुसरे घड्याळ लिनक्सच्या कर्नेलचे, म्हणजे त्याच्या गाभ्याचे, स्मृतीत चालणारे. यंत्र सुरू होताना कर्नेल पहिल्या घड्याळाकडे एकदा बघते, आपले घड्याळ लावते आणि पुढे स्वतःच्या हिशेबाने चालते. लग्नघरातल्या गुरुजींसारखे : मुहूर्ताची वेळ एकदा भिंतीवरच्या घड्याळावर पाहून घेतली की नंतर आपल्याच मनगटाकडे बघत राहायचे. भिंतीवरचे घड्याळ चुकले असेल तर मुहूर्तही चुकतो.

डिस्कची गोष्ट आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांच्या भाषेत सांगितली तर लवकर समजते. विद्यार्थ्यांना मी तशीच सांगतो. फाइलव्यवस्था म्हणजे दुकानाची खतावणी : कोणाच्या नावावर डिस्कवरचे कोणते ठोकळे आहेत, कोणते रिकामे आहेत, किती नावे आहेत. तिच्या पहिल्या पानाला सुपरब्लॉक म्हणतात. ही खतावणी शेवटची कधी उघडली, शेवटचे कधी लिहिले, वही नीट मिटली होती की मध्येच सोडून दिली, हे त्या पानावर असते. लिहिता लिहिता लाईट गेली तर नोंद अर्धवट राहते : जमा बाजू लिहिली, नावे बाजू राहून गेली. मग ताळा जुळत नाही. एफएससीके हा ताळा जुळवणारा कारकून. (आमच्या लॅबमध्ये कोणी एफ-एस-सी-के म्हणते, कोणी ‘एफएस-चेक’. दुसरा उच्चार मला बरा वाटतो, कारण त्यात काम कळते.) तो खतावणी पहिल्या पानापासून तपासतो. ज्या नोंदी कोणाच्याच नावावर नाहीत, त्यांना नुसते आकडे देऊन ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात टाकतो.

या कारकुनाचा इतिहास युनिक्सइतकाच जुना आहे. आरंभी युनिक्समध्ये ठोकळे तपासायला एक आणि निर्देशिका तपासायला दुसरे असे वेगवेगळे कार्यक्रम होते. त्यांचे निष्कर्ष वाचून दुरुस्ती करायची ती माणसाने. बेल लॅब्जच्या टी. जे. कोवाल्स्की यांच्या एफएससीकेने 1970च्या दशकात हे काम एका छताखाली आणले. पुढे बर्कलीच्या युनिक्समध्ये मार्शल कर्क मॅक्युसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी फाइलव्यवस्था रचली आणि सुपरब्लॉकच्या नकला डिस्कवर जागोजागी पेरून ठेवण्याची सोय केली. पहिले पान फाटले तरी वही वाचता यावी, हा हेतू. लिनक्समध्ये 1993 साली रेमी कार यांची ईएक्सटी-टू ही फाइलव्यवस्था आली. तिची तपासणी करणाऱ्या साधनांचा सांभाळ थिओडोर त्सो यांनी पुढे अनेक वर्षे केला. आज आपण ज्या आज्ञा टाइप करतो त्यांच्यामागे प्रामुख्याने त्यांचे काम आहे.

इथे एक गंमत सांगायचा मोह होतो. चार किलोबाइटचे ठोकळे असलेल्या डिस्कवर सुपरब्लॉकची पहिली नक्कल 32,768 क्रमांकाच्या ठोकळ्यात असते. घड्याळाच्या स्फटिकाचा तोच आकडा! नाते काही नाही. दोन्हीकडे दोनाचा पंधरावा घात सोयीचा पडला, एवढेच. पण घड्याळ आणि डिस्क या दोन्ही दुरुस्त्यांत लागणारा एक आकडा पाठ ठेवायचा तर हाच ठेवा.

ईएक्सटी-टूची अडचण अशी की लाईट गेली की अख्खी खतावणी तपासावी लागे आणि डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी मिनिटांवरून तासांवर गेली. यावर तोडगा म्हणून स्टीफन ट्वीडी यांच्या ईएक्सटी-थ्रीने, 2001च्या अखेरीस कर्नेलच्या 2.4.15 आवृत्तीसोबत, रोजमेळ (इंग्रजीत जर्नल) आणली. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही : आधी रोजमेळीत टिपायचे, मग सवडीने खतावणीत चढवायचे. मध्येच दिवे गेले तर उद्या सकाळी फक्त रोजमेळीची शेवटची पाने बघायची. 2008च्या डिसेंबरात पक्की झालेली ईएक्सटी-फोर हीच पद्धत चालवते. रोजमेळीमुळे सकाळची तपासणी काही क्षणांची झाली आणि लोक एफएससीकेला विसरले. पूर्वी वीस-तीस वेळा डिस्क जोडली गेली (माउंट झाली) किंवा 180 दिवस उलटले की सक्तीची तपासणी होई. 2011 पासून नव्या डिस्कवर हा नियम आपोआप लागू होत नाही. मला हा बदल अर्धाच पटतो. रोजमेळ अर्धवट नोंदीपासून वाचवते, पण डिस्कच कुजू लागली किंवा स्मृतीची पट्टी खोटे आकडे देऊ लागली तर खोटेही ती निष्ठेने उतरवून घेते. निदान शाळा-ऑफिसांच्या यंत्रांवर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक पूर्ण तपासणी करावी, असे माझे मत आहे. पुस्तकात ते आग्रहाने मांडले आहे.

ईएक्सटीच्या घराण्याबाहेरही घराणी आहेत. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतून आलेल्या एक्सएफएससाठी सुरुवातीच्या वेळी चालणारा तपासनीस नावापुरता असतो. तो काहीच करत नाही आणि ‘ठीक’ म्हणून बाहेर पडतो. रोजमेळ डिस्क जोडतानाच चढवली जाते आणि खरी दुरुस्ती वेगळ्या साधनाने, डिस्क सोडवून, हाताने करायची असते. हे माहीत नसलेला माणूस ‘एफएससीके चालवले, काही निघाले नाही’ म्हणून निश्चिंत होतो. बीटीआरएफएस आणि झेडएफएस हे पंथ त्याहून वेगळे. तिथे जुने पान खोडत नाहीत, नवे पान लिहून मगच अनुक्रमणिका बदलतात आणि प्रत्येक पानावर बेरजेची मोहोर असते. बीटीआरएफएसचे दुरुस्तीचे साधन तर स्वतःच बजावते की मला उगाच चालवू नका. कोणते घराणे श्रेष्ठ, या वादात मी पडत नाही. आपल्या समोरची डिस्क कोणत्या घराण्याची हे न पाहता आज्ञा देणे हा मोठा दोष. एका घराण्याचे औषध दुसऱ्याला विष ठरते.

आता साडेपाच तासांकडे येतो. या पुस्तकाची खरी भारतीय बाजू ती आहे.

विंडोज मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर चालते असे धरते. लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेवर (यूटीसी) आहे असे धरते आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते. एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर भांडण ठरलेले. सकाळी दहा वाजता विंडोजने घड्याळात दहा लिहिले. यंत्र बंद करून लिनक्स उघडले. लिनक्सने दहाला प्रमाणवेळ मानले आणि दुपारचे साडेतीन दाखवले. त्याच चुकीच्या वेळेचा शिक्का मारून डिस्क जोडली. दोन मिनिटांनी इंटरनेटवरून खरी वेळ आली, कर्नेलने आपले घड्याळ मागे घेतले, आणि नेटवरची वेळ जुळलेली असली की कर्नेल दर अकरा मिनिटांनी मदरबोर्डचे घड्याळही दुरुस्त करते, तसे ते केले. पुढच्या वेळी लिनक्स सुरू झाले तेव्हा घड्याळ बरोबर होते, पण सुपरब्लॉकवरचा शिक्का भविष्यातला. तक्रार उभी राहते ती बरोबर चालणाऱ्या घड्याळावर, चुकलेले घड्याळ मात्र सुटून गेलेले असते.

अमेरिकेत हेच उलट्या दिशेने घडते. तिथली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या मागे. म्हणून स्थानिक वेळेवर चालणारे घड्याळ लिनक्सने प्रमाणवेळ समजून वाचले की आत्ताच बंद केलेल्या यंत्राची डिस्क पाच-सहा तास पुढची वाटते आणि तक्रार पुन्हा पुन्हा येते. इंग्रजीतली बरीचशी मार्गदर्शने त्या अनुभवातून लिहिलेली आहेत. उपाय बहुतेक तेच, पण वर्णनातली लक्षणे आपल्या पडद्यावरच्या लक्षणांशी जुळत नाहीत आणि वाचणारा गोंधळतो. विद्यार्थ्यांना हे समजावताना इंग्रजी मजकूर नुसता उतरवून चालणार नाही हे मला पटले, आणि मराठीत लिहायचे ठरले ते त्यामुळे. ईएक्सटी-फोरच्या तपासनीसाने यावर एक व्यवहारी तोडगा काढला आहे : चोवीस तासांच्या आतली तफावत असेल तर तो ती घड्याळाची चूक समजून स्वतःच निस्तरतो. त्याच्या माहितीपुस्तिकेत याचे खापर विंडोजच्या स्थानिक वेळेच्या निर्णयावर स्पष्ट शब्दांत फोडले आहे. तफावत चोवीस तासांच्या पुढे गेली, म्हणजे सेल मेला, की मात्र तो हात वर करून माणसाला बोलावतो. माझ्या शाळेतल्या यंत्राने केले ते हेच.

घड्याळाच्या अशा दुहीची आपल्या मुलखाला सवय नाही असे नाही. 1 जानेवारी 1906 पासून देशाची एकच प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने आपला ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक दशके सोडला नाही. दोन्हींत 39 मिनिटांचे अंतर. कुठल्याही एका घड्याळात दोष नव्हता. कोणते घड्याळ कोणत्या वेळेचे हे सोबत लिहिलेले नसले की घोटाळा होई. लिनक्समध्ये हे लिहिण्याची जागा आहे : ‘अ‍ॅडजटाइम’ नावाच्या छोट्या फाइलची तिसरी ओळ, ‘यूटीसी’ किंवा ‘लोकल’, एकच शब्द. आजवर माझ्याकडे आलेल्या दुहेरी यंत्रांपैकी बहुतेकांचे दुखणे त्या एका शब्दात होते.

क्रमाचा प्रश्नही महत्त्वाचा. घड्याळ आधी लागते की डिस्क आधी तपासली जाते? जुन्या पद्धतीत सुरुवातीच्या क्रियांच्या लिपी आकड्यांच्या क्रमाने चालत आणि घड्याळाची लिपी तपासणीच्या मागे पडली की वर सांगितलेला सगळा गोंधळ. लिनक्सच्या कितीतरी वितरणांत (उबुंटू, डेबियन ही अशी वितरणे) ही चूक होती. या लिपींची जागा घ्यायला उबुंटूने 2006 मध्ये अपस्टार्ट आणले, 2010 मध्ये सिस्टमडी आले, आणि 2015च्या डेबियन 8 पर्यंत बहुतेक मोठ्या वितरणांनी तेच स्वीकारले. सिस्टमडी क्रियांचा क्रम आकड्यांवरून न लावता परस्पर-अवलंबनावरून लावते. शिवाय घड्याळ सिस्टमडीच्या स्वतःच्या जन्मतारखेच्याही मागे असेल, तर ते निदान तिथपर्यंत पुढे ओढते. सिस्टमडीवर झालेल्या वादांचा धुरळा अजून बसलेला नाही. मी पूर्वी कट्टर विरोधकांत होतो, आज नाही. पण जुन्या लिपी उघडून वाचता येत, कुठे अडले ते बोट ठेवून दाखवता येई. शिकवणाऱ्याला त्या सोयीची आठवण येते.

घड्याळच नसलेल्या यंत्रांचे एक वेगळे जग आहे. 2012 साली आलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सेलवर चालणारे घड्याळ नव्हते, ते पाचव्या पिढीपर्यंत आले नाही. म्हणून तिथे एक साधी युक्ती केली गेली : बंद होताना वेळ फाइलीत लिहून ठेवायची आणि उघडताना तिथून पुढे मोजायचे. वेळ चुकीची असते, पण मागे जात नाही. डिस्कला तेवढे पुरते. याच्या उलट टोकाला ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (ओएलपीसी) या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. 2007 साली भारतातला त्याचा पहिला प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात, खैराट गावच्या शाळेत झाला. फेडोरावर उभे असलेले लिनक्स, एक गिगाबाइटची साठवण, आणि चोरीला आळा बसावा म्हणून तारखेवर बेतलेली सुरक्षा. परिणामी जगभरात त्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत घड्याळाच्या सेलचा संपर्क सुटला, की ‘इनव्हॅलिड सिस्टम डेट’ म्हणून ते सुरूच होईनात. एक बिल्ल्याएवढा सेल एका मुलाची शाळा बंद पाडू शकतो, हे त्यातून रचनाकारांना कळले. पुस्तकात या लॅपटॉपवर मी गरजेपेक्षा जास्त पाने खर्च केली आहेत. कबूल आहे.

पनवेलमध्ये बसून वेळेच्या नोंदीबद्दल लिहिताना आणखी एका संस्थेचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिच्या मुळाशी कुलाब्याची वेधशाळा, जिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 मध्ये अलिबागला दुसरी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. दोन वर्षे, 1906 पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे एका मालिकेचा धागा दुसरीला बिनचूक जोडता यावा. 1859च्या सप्टेंबरातल्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद 144 वर्षांनी, 2003 साली, याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह पुन्हा अभ्यासली. वादळाची तीव्रता ठरवायला ती नोंद उपयोगी पडली, कारण आकड्यांसोबत वेळ भरवशाची होती. सुपरब्लॉकवरचा शिक्का म्हणजे याच वर्गातली नोंद, फक्त तिचे आयुष्य कमी. आणि घड्याळ बदलताना जुने-नवे काही काळ शेजारी चालवून बघण्याची अलिबागची रीत मी पुस्तकात सरळ उचलली आहे.

हे सगळे आत्ताच का? 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा आधार संपला आणि विंडोज 11 ज्यांवर बसत नाही अशा जुन्या यंत्रांवर लोक लिनक्स टाकू लागले आहेत. आमच्याकडे पनवेल, कामोठे, कळंबोलीच्या घरांतून अशी यंत्रे येतात : धूळ झटकलेली, लिनक्स नवे, सेल मात्र यंत्राबरोबर आलेला, दहा वर्षांचा. कोकणच्या हवेत सेलची पट्टी काळवंडायला तेवढा काळ पुष्कळ. घड्याळ चुकले की आज डिस्कची तक्रार तर येतेच, शिवाय बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे ब्राउझरला वाटते. नव्या आवृत्त्या उतरत नाहीत, कारण भांडाराची यादी भविष्यातली भासते. माणूस नेटवाल्याला फोन करतो. दुसऱ्या टोकाला मोठी केंद्रे : पनवेलजवळ भोकरपाड्याला योट्टा कंपनीचे एनएम-1 हे डेटा सेंटर 2020च्या जुलैत सुरू झाले, 7,200 रॅकची त्याची क्षमता सांगितली जाते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे आवश्यक झाले आहे, कारण सायबर गुन्ह्याच्या तपासात दोन यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणती आधीची हे कळावे लागते. भोकरपाड्याच्या त्या इमारतीतला सर्व्हर आणि कामोठ्याच्या घरातला दहा वर्षांचा पीसी सुरू होताना तेच दोन प्रश्न विचारतात : आत्ता किती वाजले, आणि डिस्क शेवटची नीट मिटली होती का?

आणि 2038 आहेच. 32 बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे त्या वर्षी 19 जानेवारीला, आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी, भरून जातील. नव्या यंत्रांत सोय झाली आहे. पण जुन्या, लहान आकाराच्या नोंदी ठेवणाऱ्या डिस्कांवर तारखेला जागाच नाही आणि कर्नेल त्या जोडताना तसा इशारा देते. हा इशारा आजच पडद्यावर येतो, कोणी वाचत नाही इतकेच.

पुस्तकात काय नाही ते आधी सांगतो. डेटा परत मिळवून देणाऱ्या महागड्या साधनांची माहिती नाही. बिघडलेल्या डिस्कचे खोके उघडण्याचे धाडस नाही. प्रत्येक वितरणाची वेगळी कृती नाही. अशा कृती वर्षभरात शिळ्या होतात. काळा पडदा वाचायला शिकवणे हे मुख्य काम मानले आहे. म्हणून पुस्तकाची मांडणी आज्ञांवरून केलेली नाही. पडद्यावर येणाऱ्या ओळींवरून केली आहे : ही ओळ दिसली तर ती कोण बोलते आहे, घड्याळ, तपासनीस, की जोडणीची यादी (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल)? कधी यादीतल्या डिस्कची ओळखखूण बदललेली असते आणि यंत्र दीड मिनिट तिची वाट पाहत बसते. तिथे घड्याळही निर्दोष आणि डिस्कही. तपासनीस जाताना एक आकडा सोडून जातो. एक म्हणजे चुका होत्या, दुरुस्त केल्या. चार म्हणजे चुका राहिल्या. हे आकडे एकमेकांत मिळवलेले असू शकतात. ‘एरर फोर’ असे फोनवर सांगणारा माणूस आणि ‘एरर आला’ सांगणारा माणूस यांच्यात मदत करणाऱ्याच्या अर्ध्या तासाचा फरक असतो.

सर्व प्रश्नांना आंधळेपणाने ‘वाय’ म्हणण्याच्या सवयीवर एक पूर्ण प्रकरण खर्ची पडले आहे. भविष्यातल्या तारखेच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर काही बिघडत नाही, तपासनीस शिक्का बदलतो. पण त्याच ओघात पुढे ‘हा इनोड (एका फाइलची खतावणीतली नोंद) पुसू का?’ असा प्रश्न येतो आणि बोट थांबत नाही. आधी काहीच न लिहिता, नुसते वाचून तपासणी करण्याची सोय बहुतेक घराण्यांत आहे. ती वापरून निष्कर्ष कागदावर उतरवायचा, शक्य असेल तर डिस्कची नक्कल काढायची, आणि मगच दुरुस्ती. शाळेतल्या त्या यंत्रावर मी एवढेच केले असते तर आठ वर्षांचे निकाल वाचले असते.

भाषेबद्दल थोडेसे. सुपरब्लॉक, कर्नेल, इनोड हे शब्द मी तसेच ठेवले आहेत. ‘महाखंड’ वगैरे करून पाहिले, लॅबमधली पोरे हसली. जिथे व्यवहारात मराठी शब्द जिवंत आहे, रोजमेळ, खतावणी, ताळा, तिथे तो वापरला. एका व्यापाऱ्याच्या मुलीने वर्गात ‘सर, मग जर्नल म्हणजे आमची कच्ची वहीच की’ असे म्हटले, तेव्हापासून हा दाखला पक्का झाला. श्रेय तिचे.

पुस्तक हातात घेणाऱ्याने सोबत एक साधी वही ठेवावी. यंत्र दुरुस्तीला आले की बटण दाबण्याआधी मी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघतो, ती वहीत लिहितो. मग यंत्र चालू करून सेटअपच्या पडद्यावरची वेळ तिच्या शेजारी लिहितो. साडेपाच तासांचा फरक असेल तर एका प्रकरणाकडे जायचे, काही वर्षांचा असेल तर दुसऱ्या. फरक नसेल तर पान उलटून डिस्कच्या भागाकडे. वहीत आता चारशेच्या वर नोंदी आहेत. पहिली नोंद त्या जूनमधल्या यंत्राची, नंतर आठवून लिहिलेली, आणि तिच्यात सेटअपच्या वेळेचा रकाना कोरा आहे.